टोपली नसलेली माणसं

आमच्या उस्त-वेल्गा गावात एखादी म्हातारी गेली की लोक आधी विचारतात, "जागा कुणाला दिल्या?" घराबद्दल कुणी विचारत नाही. घरं इथे ओस पडलीत, फुकट दिली तरी घ्यायला कुणी नाही. जागा म्हणजे अळंबीच्या जागा. जंगलात कुठल्या झाडाखाली, कुठल्या ओढ्याच्या वळणावर दर ऑगस्टला पांढरी अळंबी येते, हे आईने लेकीला दाखवायचं आणि लेकीने तिच्या लेकीला. सुनेला नाही, नवऱ्याला नाही, आणि मुलग्याला तर नाहीच नाही, कारण दोन घोट पोटात गेले की मुलगे सगळं ओकून मोकळे होतात. पुरुषाने टोपल्या वाहायच्या त्या जंगलाच्या कडेपर्यंत. तिथे ओंडक्यावर बसायचं, सिगरेट ओढायची, आणि बाई परत आली की कुठून आलीस असं विचारायचं नाही.

सगळ्यात चांगल्या जागा फाइना येगोरोव्नाकडे होत्या. गावाला हे माहीत होतं आणि गाव त्यावरून जळत होतं. पांढरी अळंबी काही मान वर काढून उभी राहत नाही. ती शेवाळाच्या खाली असते, वर नुसता फुगवटा दिसतो, पोराने पांघरुणात गुडघा वर करावा तसा. फाइनाला तो लांबून दिसायचा. काठीने ती शेवाळ एवढंसं उचलायची, अळंबी कापून घ्यायची आणि शेवाळ परत असं बसवायची की देवालाही कळू नये.

पण ही गोष्ट तिच्या मुलाची, आर्सेनीची. घरात सेन्या. वाईट होता का? नाही हो. वाईट माणसाची गोष्ट सांगायला सोपी असते. हा साधा होता, अंगाने सडसडीत, बोलायला कमी, तागाच्या गिरणीत माग दुरुस्त करायचा. बाप दारू पिऊन नदीत गेला तेव्हा सेन्या लहान होता आणि बहीण तास्या पाळण्यात. तेव्हापासून टोपल्या वाहायचं काम सेन्याचं. आई त्याला ओंडक्यावर बसवून आत जायची, आणि एकट्या पोराला तिथे भीती वाटायची. म्हणून तो तिच्या पावलांच्या मागे मागे जायचा, झाडाआडून तिच्याकडे बघत राहायचा आणि ती वळायच्या आधी पळत येऊन ओंडक्यावर बसायचा. असं करत करत आईच्या सगळ्या जागा त्याला पाठ झाल्या. हे त्याने कधी कुणाला सांगितलं नाही. प्यायल्यावरसुद्धा नाही.

मग गिरणी बंद पडली. कामगार आठवडाभर फाटकाशी उभे राहिले आणि नंतर घरी गेले.

आणि त्याच सुमाराला तो बाजार आला. आला म्हणजे काय, फोनमध्ये उघडला. तिथे शिरायचं दार वेगळं होतं, पण ते पोराटोरांना ठाऊक होतं. शहरात कुंपणांवर आणि बसथांब्यांच्या पाठीवर रंगाच्या फवाऱ्याने त्याचे पत्ते लिहिलेले असायचे, पालिका वरून चुना मारायची आणि सकाळी पुन्हा पत्ते हजर. आत कशी दुकानं होती म्हणता! नशेची पांढरी भुकटी, गोळ्या, खोटे परवाने, सगळं. गिऱ्हाइकं दुकानांना तारे द्यायची. भांडण झालं तर निवाडा करणारे पंच होते. सणाला सूट होती. जास्त घेतलं तर काय करावं, हे सांगायला एक डॉक्टरसुद्धा बसवला होता म्हणे. आमच्या दवाखान्यात डॉक्टर नाही, तो रशियाच्या चोरबाजारात होता. हसावं की रडावं!

त्या बाजारात माल कुणी हातात द्यायचा नाही, हा नियम. पुडी जमिनीत पुरायची, फोटो काढायचा, जागेचा नेमका ठावठिकाणा दुकानाला पाठवायचा आणि आपल्या फोनातून सगळं पुसून टाकायचं. गिऱ्हाइकाने पैसे भरले की त्याला ठिकाण मिळायचं आणि तो येऊन उकरायचा. पुडीला म्हणायचे 'ठेवा', पुरणाऱ्याला 'ठेवेकरी'. ठेवेकऱ्याने गिऱ्हाईक बघायचं नाही, गिऱ्हाइकाने ठेवेकरी बघायचा नाही.

सेन्या ठेवेकरी झाला. आईला सांगितलं, शहरात माल पोचवायचं काम आहे. हे खोटंही नव्हतं.

सुरुवातीला तो शहरातल्या बागांमधून पुरायचा. पण तिथे दुसऱ्यांचे ठेवे उकरून खाणारी गिधाडं फिरायची, आणि पोलीसही. त्याचे ठेवे चोरीला जायला लागले, दुकान वसवसायला लागलं. मग एके दिवशी सेन्याला वाटलं, अरे, आपल्याला अशा जागा माहीत आहेत जिथे आईशिवाय कुणी जात नाही. आणि शेवाळ उचलून परत कसं बसवायचं तेही माहीत आहे.

बस्स. तिथून त्याचं नाव झालं. 'स्वच्छ काम, जागच्या जागी मिळालं,' 'या माणसाच्या हातांना सोन्याची कडी घाला,' असं गिऱ्हाइकं लिहायची. दुकानदार, ज्याला त्याने जन्मात पाहिलं नव्हतं, त्याला 'आमचा वनदेव' म्हणायचा. गिरणीत ज्याला कुणी उभ्या जन्मात शाब्बास म्हटलं नव्हतं, तो माणूस रात्री अंथरुणात ही वाक्यं परत परत वाचायचा. मला त्याची दया येते ती इथे. संतापही इथेच येतो.

कारण त्याच हिवाळ्यात तास्या घरी आली होती. वोलोग्दाला नर्सिंग शिकायला गेलेली पोर, मागच्या वर्षी निघाली तेव्हा गालावर खळ्या होत्या. आली ती हाडांचा सापळा होऊन. त्याच भुकटीने खाल्लं होतं तिला, त्याच बाजारातल्या. फाइनाने एक शब्द विचारला नाही. दाराला आतून कुलूप घातलं, किल्ली गळ्यातल्या क्रूसाच्या दोऱ्यात अडकवली आणि पोरीला वाफेच्या न्हाणघरात नेऊन बर्चच्या डहाळ्यांनी शेकत राहिली, घाम काढत राहिली. तास्या शिव्या द्यायची, भिंतीवर डोकं आपटायची, आई तिला धरून बसायची. दोन हिवाळे असे गेले. दुसऱ्या वसंतात पोर अंगणात बटाटे लावताना गुणगुणली, आणि फाइना गोठ्यामागे जाऊन रडून आली.

सेन्या हे सगळं बघत होता. लाकडं फोडून तोच द्यायचा, न्हाणघर तोच तापवायचा. आणि दुसऱ्या दिवशी पाठीवर पिशवी टाकून निघायचा. ज्या बाजाराने बहिणीला गिळलं, त्याच बाजाराचं मीठ खात होता तो. त्याच्या मनाने एक वाक्य धरून ठेवलं होतं. ते तो स्वतःला पुन्हा पुन्हा सांगायचा: मी फक्त ठेवतो, उचलणारा कोण, मला काय माहीत. कुणीतरी तास्या उचलते रे बाबा, दुसऱ्या कुणाची तरी तास्या! पण एवढा विचार करणारा माणूस त्या कामात टिकत नाही.

मग जंगलात माणसं दिसायला लागली. "टोपली नाही हातात," फाइना म्हणायची. "ऑगस्टात जंगलात येतात आणि हातात टोपली नाही, सुरी नाही. नुसतं फोनकडे बघत चालतात. माझ्या ओढ्याकाठी सगळं शेवाळ उपटून टाकलंय मेल्यांनी. कुणी दाखवली यांना वाट?"

तिच्या जागा अजून एकाच बाईला थोड्याफार ठाऊक होत्या, तिची मावसबहीण अग्निया. दोघी लहानपणी एकत्र गेलेल्या. फाइना सरळ तिच्या दारात जाऊन उभी राहिली.

"जागा विकल्यास तू?"

"फाइना, डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"मग आकाशातून पडली का ही माणसं?"

"पडली असतील. मी येशूच्या समोर सांगते, मी तोंड उघडलं नाही."

"त्याच्यासमोर कशाला सांगतेस, त्याला अळंबी लागत नाही." असं म्हणून फाइना निघून आली आणि अग्नियाशी बोलणं टाकलं. ईस्टरला अग्निया रंगवलेली अंडी घेऊन आली तर दार उघडलं नाही. सेन्या खिडकीत बसून चहा पीत होता. अग्निया पुढच्याच वर्षी गेली, अबोल्यातच गेली. तिच्या मयतीला फाइना दारापर्यंत गेली आणि परतली.

एकच जागा अजून शाबूत होती. दलदलीपलीकडची, फाइनाच्या आईची, सगळ्यात जुनी. तिला घरात 'आजीची जागा' म्हणत. तिथे जायच्या वाटेवर जुन्या काळी डांबर काढायचे तो एक खड्डा आहे. वरून शेवाळाने झाकलाय, कुणाला दिसत नाही, कंबरेएवढा खोल. आणि घराण्याची रीत अशी, की जागा द्यायची पण खड्डा सांगायचा नाही. पहिल्यांदा जाणारी त्यात पडतेच. फाइना आपल्या आईबरोबर गेली तेव्हा पडली होती, तिची आई तिच्या आईबरोबर. घरी चिखलाने माखून आलेल्या पोरीला पाहून बायका हसायच्या आणि म्हणायच्या, आता जंगलाने तुला ओळखलं.

सेन्याही पडला होता. आईमागे चोरून गेला तेव्हा, लहान असताना. ओरडला नाही, तोंड दाबून बाहेर आला, आणि घरी नदीत पडलो म्हणून मार खाल्ला.

मार्चमध्ये, बर्फ अजून कडक असताना, दुकानाने त्याला मोठा माल दिला, पुढे वाटायचा. तो त्याने आजीच्या जागेत नेऊन ठेवला, मोठ्या फरच्या झाडाच्या मुळाशी, निळ्या टेपने घट्ट गुंडाळून. ठावठिकाणा अजून पाठवायचा होता, आणि तेवढ्यात एका सकाळी बाजार उघडेना. दुपारी कळलं, परदेशात कुठेतरी पोलिसांनी त्याची यंत्रं उचलली. पानावर नुसता त्यांचा शिक्का. तारे गेले, पंच गेले, सोन्याची कडी गेली, वनदेव म्हणणारा दुकानदारही गेला. ज्याचे पैसे आत अडकले त्याचे अडकले. एवढा मोठा बाजार, अख्ख्या देशाच्या मातीत पुड्या पेरून, न्याहारीच्या वेळेला नाहीसा झाला. पेरलेलं कुणी काढायचं, हे सांगायला कुणी उरलं नाही.

सेन्या घाबरला. फोन पुलावरून वेल्गा नदीत फेकला. मग बर्फ वितळलं आणि दलदल भरली, तिकडे कुणाला जाता येईना. जूनमध्ये पाणी उतरल्यावर तो गेला, तर वादळात ती मोठी फर उन्मळून पडलेली, मुळांसकट जमीन उलटी झालेली. हाताने उकरत उकरत त्याची नखं फुटली. पुडी मिळाली नाही. मातीखाली गेली असेल, तो म्हणाला, गाडली गेली कायमची. माणसाला जे हवं असतं ते तो लगेच मानतो. त्याला गुदामात सामान उचलायचं काम मिळालं आणि पहिल्यांदाच तो घरी बसून नीट जेवायला लागला.

ऑगस्टात फाइनाचे गुडघे गेले. एका संध्याकाळी बटाटे आणि आंबट साय वाढता वाढता तिने चमचा खाली ठेवला.

"तास्या, उद्या तुला आजीची जागा देते. दलदलीपर्यंत मी येईन, पुढे तू एकटी."

तास्या आनंदाने लाल झाली. आमच्याकडे यापेक्षा मोठी गोष्ट नाही. आईने किल्ली गळ्यातून कधीच काढली होती, पण पोरीवर विश्वास आहे हे तोंडाने आज म्हणत होती.

सेन्याचा घास हातातच राहिला. "यंदा तिकडे नको," तो म्हणाला. "अस्वल आहे म्हणतात."

"अस्वलाला अक्कल असते, ते माणसाच्या वाटेला जात नाही," आई म्हणाली. "तुला काय माहीत ती जागा कुठे आहे, तिकडे न् इकडे?"

"नाही, दलदल म्हणालीस म्हणून."

"सेन्याला हेवा वाटतोय," तास्या म्हणाली. "त्याला जन्मभर ओंडकाच मिळाला."

"मग मी बरोबर जातो तिच्या."

"आणि गाव काय म्हणेल? जागा मुलग्याला दिली? गप जेव."

तो गप जेवला. सांगायचं होतं ते एवढंसं होतं हो. आई, तिथे मी विष पुरलंय. पण ते सांगितलं की अग्नियाचं सांगायला लागणार, ओढ्याकाठच्या शेवाळाचं सांगायला लागणार, आणि तास्याच्या डोळ्यांत बघायला लागणार. त्याने काळ्या पावाने ताटली पुसली. सापडणार नाही, त्याने मनाशी म्हटलं. मला सापडली नाही, तिला काय सापडणार! तास्या कुणाची मुलगी आहे, हे तो विसरला.

दुसऱ्या दिवशी ती परत आली ती गळ्यापर्यंत चिखलाने माखलेली, टोपली काठोकाठ भरलेली. फाइना डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "पडलीस ना? पडलीस ना माझी बाई?" सगळ्यांनी मिळून अळंबी धुतली, शेपू आणि लसूण घालून पिंपात खारवली. सेन्याने पिंपावर दगड ठेवला. त्याला इतकं हलकं वाटत होतं की त्याने बहिणीला उचलून गरकन फिरवलं.

पुढच्या आठवड्यात ती पुन्हा गेली. या वेळी टोपली अर्धीच होती. चेहरा शांत होता, जरा जास्तच. थकले म्हणाली, न्हाणघर मीच तापवते म्हणाली.

ती शोधायला गेली नव्हती, एवढं मी कुणापुढेही सांगेन. ती आईसारखी बघत चालली होती, पडलेल्या फरच्या बाजूला शेवाळाला फुगवटा दिसला, आणि तिने काठीने एवढंसं उचललं. पुढे तिच्या मनात काय झालं ते तिलाच ठाऊक. दोन वर्षं ती आईच्या कुलपाआड होती, वोलोग्दा लांब होतं, बाजार मेला होता. आणि जंगलात, जिथे तिच्या पणजीपासून कुणी परकं आलं नव्हतं, तिथे ते तिची वाट बघत पडलं होतं.

अंधार पडायच्या आत फाइनाने न्हाणघराचं दार ठोठावलं. मग सेन्याने दार तोडलं. गावातली कंपाउंडर बाई म्हणाली, अंगाची सवय गेली होती आणि हाताला जुनंच माप आठवत होतं, असंच जातं माणूस. बाकावर निळी टेप सोललेली पडली होती. सेन्याने ती बघितली. टेपचं शेवटचं टोक तो नेहमी दुमडायचा, उघडणाऱ्याला सोपं जावं म्हणून. तेही दुमडलेलं होतं.

पोलीस आला, तरुण पोरगा. फाइनाने विचारलं, कुणी ठेवलं ते शोधाल ना? तो टोपी हातात फिरवत म्हणाला, "आजी, तो बाजारच मेला. आता कुणाला धरायचं?"

चाळिसाव्या दिवशी लोक तास्याच्या नावाचं जेवून गेल्यावर फाइना टेबलाशी बसून राहिली. मुलाला म्हणाली, "मीच पाठवलं तिला. मीच हात धरून दलदलीपर्यंत नेलं." मग जरा वेळाने, अगदी हळू: "ज्याने ते पुरलं त्याला मरण नको. त्याला म्हातारपण येऊ दे. लांबलचक." सेन्याने तिला शाल पांघरली. ती त्याच्या हातावर हात ठेवून म्हणाली, "तू आहेस म्हणून आहे मी."

त्यानंतर तो तिच्याजवळून हलला नाही. पिणं सोडलं, गुदामातून सरळ घरी. गाव म्हणायचं, मुलगा असावा तर असा. गावाचं काय जातं म्हणायला!

एक वर्ष गेलं. पुन्हा ऑगस्ट आला, पिंप रिकामं होतं. एका सकाळी फाइनाने डोक्याला रुमाल बांधला, काठी घेतली आणि लेकाच्या हातात टोपली दिली.

"चल. मुलग्याला देत नाहीत, माहीत आहे मला. पण माझ्याबरोबर मातीत घालण्यापेक्षा तुला देते. म्हणू दे गावाला काय म्हणायचं ते."

तो नको म्हणाला. ती ऐकेना. त्याच्या खांद्यावर भार टाकून ती एकेक जागा दाखवत चालली, ओढ्याची, मुंग्यांच्या वारुळाची, तुटक्या पुलाची, आणि तो प्रत्येक ठिकाणी "हो आई, इथे होय," असं म्हणत राहिला. त्याचा सदरा घामाने भिजला. दलदल कोरडी पडली होती, ओंडक्यांवरून दोघं पलीकडे गेली.

"आता पुढे हो," ती म्हणाली. "सरळ जा, त्या पडलेल्या फरकडे. मी मागून येते." तिच्या आवाजात खूप दिवसांनी जरासं काहीतरी हललं होतं. हसू म्हणवत नाही, पण हसूच. ती खड्ड्याची वाट बघत होती.

सेन्या निघाला. डोक्यात दुसरंच चालू होतं, त्या उलटलेल्या मुळांकडे बघायचं नाही, फक्त एवढंच. पायांकडे त्याचं लक्ष नव्हतं. शेवाळाचा तो सपाट हिरवा पट्टा आला तसे पाय आपोआप डावीकडे वळले, कडेच्या दगडावर पडले, आणि तो पलीकडे गेला.

पाच-सहा पावलांनंतर त्याला मागे काठीचा आवाज ऐकू येईना. त्याने वळून पाहिलं.

फाइना खड्ड्याच्या अलीकडे उभी होती. ती त्या शेवाळाकडे बघत होती, मग दगडाकडे, मग त्याच्या कोरड्या बुटांकडे. तिचे ओठ हलले. त्याला वाटलं ती 'अग्निया' म्हणाली.

"आई," तो म्हणाला.

ती वळली आणि परत चालायला लागली. तो धावत आला, तिला हात द्यायला गेला. तिने हात घेतला नाही, बर्चचं खोड धरलं, मग पुढचं. दलदलीतल्या ओंडक्यांवर ती गुडघ्यांवर बसली आणि रांगत गेली. तो हातात रिकामी टोपली घेऊन मागून चालत राहिला, लहानपणी चालायचा तेवढ्याच अंतरावर.